गिरणीतला डबा आणि दुर्बिणीतला लोलक

पावसाळ्यात ओपीडीत पंचविशीचा एक तरुण डोकेदुखी घेऊन आला. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी पॉलिश करण्याच्या गाळ्यात काम, पाळी बारा तासांची. रक्तदाब ठीक, ताप नाही, म्हणून त्याला नेत्रविभागात पाठवलं. दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर निघाला. चष्मा त्याने आयुष्यात लावलेला नव्हता.

कागद घेऊन परत आला तेव्हा जाता जाता त्याने एक वेगळाच प्रश्न विचारला. त्याच्याकडे एअर रायफल आहे. गावी गेला की शेतात पत्र्याच्या डब्यांवर नेम धरतो (पक्ष्यांवर नाही ना, हे मी आधी विचारून घेतलं). रायफलवर लाल ठिपक्याची साइट बसवली आहे, पण ठिपका त्याला ठिपक्यासारखा दिसतच नाही, फुटलेल्या फटाक्यासारखा दिसतो. साइट खराब आहे समजून त्याने ती एकदा बदलूनही घेतली. आता मित्र म्हणतात प्रिझम स्कोप घे. तर टिकाऊ कोणता?

साइट खराब नव्हती. डोळ्याचं बुबुळ चेंडूसारखं सारखं गोल नसेल, अंड्याच्या कुशीसारखं एका दिशेला जास्त वळलेलं असेल, तर प्रकाशाचा बिंदू पडद्यावर बिंदू म्हणून उमटत नाही, ताणला जातो, त्याला शेपट्या फुटतात. लाल ठिपक्याच्या साइटमध्ये एका छोट्या दिव्याचा उजेड काचेवरून परावर्तित होऊन थेट डोळ्यात येतो, त्यामुळे हा दोष तिथे लगेच उघडा पडतो. प्रिझम स्कोपमध्ये खुणेच्या रेघा काचेवरच कोरलेल्या असतात आणि आपण त्या नेत्रभिंगातून पाहतो. नेत्रभिंगाची कडी फिरवून त्या स्पष्ट करून घेता येतात. उजेडावरची काळी रेघ अंधारातल्या ठिणगीइतकी फुटत नाही. दिव्याची बॅटरी संपली तरी रेघ जागेवर असते. मित्रांचा सल्ला म्हणजे बरोबर होता. फक्त कडी फिरवून सिलिंड्रिकल नंबर जात नाही, त्याला चष्माच लागतो.

टिकाऊपणाचं उत्तर मात्र लांबचं आहे. ते ज्या माणसापाशी जातं, त्याची आठवण आमच्या लॅबमध्ये रोज वापरात असते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

एर्न्स्ट आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतल्या आयझेनाख गावी झाला. वडील सुताच्या गिरणीत कामाला होते, पुढे मुकादम झाले. दिवस चौदा तासांचा, काम वाढलं की सोळाचा. जेवणाची सुट्टी नव्हतीच. मुलगा आणि त्याची धाकटी बहीण आलटून पालटून डबा घेऊन जात. वडील यंत्राला टेकून उभ्या उभ्या घाईने जेवत, रिकामं भांडं मुलाच्या हाती देत आणि पुन्हा कामाला लागत. परळ-लालबागच्या गिरण्यांना डबे पोहोचवलेली माणसं आज मीरा-भाईंदरच्या इमारतींमध्ये आजोबा म्हणून बसलेली आहेत. त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. आबे यांचे वडील उंचेपुरे आणि धट्टेकट्टे होते, पण अठ्ठेचाळीस वर्षांचे असतानाच ते म्हातारे दिसू लागले होते, आणि त्यांच्याइतकी दणकट नसलेली सोबतची माणसं तर अडतिशीतच. आबे यांनी ही गोष्ट पुढे मोठेपणी जाहीर सभेत सांगितली. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला अकाली वार्धक्य शिकवायचं तर यापेक्षा नेमकं वर्णन मला माहीत नाही.

मुलगा हुशार म्हणून गिरणीमालकांनीच त्याच्या शिक्षणाला मदत केली. येना आणि गटिंगन इथे शिकून त्याने १८६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १८६३ पासून येनाच्या विद्यापीठात शिकवू लागला. पगार जेमतेम होता.

त्याच गावात कार्ल झाइस नावाचे एक कारागीर १८४६ पासून सूक्ष्मदर्शकांचं दुकान चालवत होते. माल चांगला होता, पण तो बनायचा अंदाजाने. कारागीर भिंग घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. एक सूक्ष्मदर्शक उत्तम निघे, पुढचा का फसला ते कोणालाच सांगता येत नसे. १८६६ मध्ये झाइस या तरुण प्राध्यापकाकडे गेले आणि आधी गणित मांडून मग भिंग घासता येईल का, असं त्यांनी विचारलं.

आबे यांचा पहिला प्रयत्न फसला. प्रकाशकिरणांचा गोंधळ कमी व्हावा म्हणून त्यांनी भिंगाचं तोंड लहान ठेवलं. गणिताप्रमाणे चित्र सुधारायला हवं होतं, ते आणखी मंद आणि कमी तपशिलाचं आलं. दुसरा कोणी असता तर कारागिरांच्या अंदाजाकडे परत गेला असता. आबे यांनी चुकीचा पाठपुरावा केला. बारीक वस्तूवरून जाताना प्रकाश पसरतो आणि तो पसरलेला प्रकाश जितका जास्त भिंगात शिरेल तितका तपशील चित्रात उतरतो, हे त्यातून हाती आलं. १८७२ पासून झाइस यांचे सूक्ष्मदर्शक या गणितावर बनू लागले. १८७३ मध्ये आबे यांनी मर्यादाही सांगून टाकली: प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान अंतर साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळं दिसणार नाही. हा आकडा एक मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाच्या आसपास येतो. जिवाणू दिसतात आणि बहुतेक विषाणू दिसत नाहीत, त्याचं कारण हेच. माल विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने मालाची मर्यादा स्वतःहून छापावी, हे मला या सगळ्यात सर्वांत मोठं वाटतं.

डॉक्टरांवरचं त्यांचं ऋण इथे सुरू होतं. काचपट्टीखालून प्रकाश एकवटून देणारा आबे कंडेन्सर आजही सरकारी दवाखान्यातल्या साध्यातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाच्या पोटाशी असतो. भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून बघायची सुधारित पद्धत १८७८ मध्ये आली. ही दोन्ही साधनं हाती असलेल्या रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. तो जंतू जाडीला आबे यांच्या मर्यादेच्या अगदी काठावर आहे. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत पटकी आणि प्लेग यांची कारणं याच मार्गाने सापडली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा जंतू कोणता हे शोधत बसावं लागलं नाही, आणि जानेवारी १८९७ पर्यंत ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांची लस तयार झाली होती. सूक्ष्मदर्शकातल्या शोधांवर पेटंट घ्यायला आबे यांचा विरोध होता. विज्ञानाची साधनं सर्वांची, असं ते मानत.

आता प्रिझमकडे, म्हणजे लोलकाकडे. साध्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. ते सुलटं करायला मध्ये आणखी भिंगं घातली की नळी लांब होते. इटलीच्या सैन्यातले अधिकारी इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये दुसरा मार्ग काढला होता: प्रकाशाला काचेच्या लोलकांच्या आत परावर्तित करत फिरवायचं, म्हणजे चित्र सुलटं होतं आणि वाट घडी घातल्यासारखी आखूड होते. कल्पना चांगली होती, पण काच वाईट होती. लोलकात प्रकाशाला काचेतून लांब प्रवास करावा लागतो. काचेत बुडबुडे, रेघा किंवा पिवळटपणा असेल तर चित्र मरतं. आबे यांनाही पोरो यांची माहिती नसताना १८७३ च्या सुमारास हीच कल्पना सुचली, आणि तीही तिथेच अडली.

मग त्यांनी काचेचाच प्रश्न हाती घेतला. ऑटो शॉट हे तरुण काचतज्ज्ञ त्यांना भेटले. शेकडो प्रकारची मिश्रणं वितळवून बघितली गेली आणि १८८४ मध्ये येनात काचेचा कारखाना उभा राहिला. कल्पना सुचल्यानंतर वीस वर्षांनी, १८९४ मध्ये, झाइस यांची लोलकाची दुर्बीण बाजारात आली. त्यातली पुढची भिंगं दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लांब ठेवलेली होती, त्यामुळे दूरच्या वस्तूंची खोली जास्त जाणवे. या दुर्बिणीचं पेटंट मात्र आबे यांनी घेतलं. दुर्बीण हे शिकारी आणि लष्कर यांचं साधन आहे, हे त्यांना कळत असणार. पहिल्या महायुद्धात येनाच्या दुर्बिणी तोफांशेजारी होत्या, आणि जिने क्षयाचा जंतू दाखवला त्याच विद्येने माणसं टिपली गेली. आबे तेव्हा हयात नव्हते.

आजच्या प्रिझम स्कोपमध्ये बहुधा छपराच्या आकाराचे लोलक असतात. त्यातल्या एका प्रकाराला आबे आणि त्यांचे सहकारी क्योनिग यांचं नाव आहे. छपराचे दोन उतार एकमेकांशी बरोबर काटकोनात हवेत. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या मोजक्या दोनचार भागांइतकी चूकही चित्र दुहेरी करते. म्हणून स्वस्त प्रिझम स्कोप घेताना मोठेपणाच्या आकड्याकडे न बघता लांबच्या विजेच्या तारेकडे बघावं. तार एकच आणि काळी दिसते का, की तिला सावलीची जोडतार आहे? स्प्रिंगची एअर रायफल असेल तर दुकानदाराला आणखी एक विचारावं. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. फक्त मागचा धक्का सोसायला बांधलेले भारी स्कोपही यात खिळखिळे होतात, आणि लोलक गोंदावरून हलला की नेम कायमचा गेला. पुष्कळसे प्रिझम स्कोप लांबच्या पल्ल्यासाठी जुळवलेले असतात, दहा मीटरवर चित्र पुसट येतं. डोळाही फार जवळ न्यावा लागतो, चष्मेवाल्याने हे दुकानातच तपासावं.

आणि आपल्याकडे बुरशी. खाडीकाठच्या हवेत चार महिने दमटपणा असतो. आत नायट्रोजन भरून नीट बंद केलेली नळी नसेल तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती नुसती पुसून जात नाही, काचेवरचा लेप खाते. मी काम केलेल्या एका ठिकाणी कपाटातला बल्ब गेला आणि कोणी बदलला नाही, तेवढ्या एका पावसाळ्यात चांगला सूक्ष्मदर्शक असाच वाया गेला. सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला गरम करून सुकवायच्या, एवढंच काम होतं.

आबे यांच्याकडे परत येतो, कारण त्यांचं मोठं काम अजून सांगायचं राहिलं. १८७६ पासून ते झाइस यांचे भागीदार होते. १८८८ मध्ये झाइस वारले आणि आबे श्रीमंत कारखानदार झाले. १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापन केलं आणि दोन वर्षांत आपली मालकी त्याला देऊन टाकली. स्वतः पगारी व्यवस्थापक म्हणून राहिले. १८९६ च्या नियमावलीत त्यांनी लिहून ठेवलं की कामावर घेताना जात, धर्म, पक्ष बघायचा नाही, वरच्या अधिकाऱ्याचा पगार सर्वसाधारण कामगाराच्या दहापटीहून जास्त असायचा नाही. पगारी सुट्टी, आजारपणातला पगार, निवृत्तिवेतन आणि नफ्यातला वाटा, हे सगळं हक्क म्हणून, मालकाची मेहेरबानी म्हणून नव्हे.

१ एप्रिल १९०० पासून येनाच्या कारखान्यात दिवस आठ तासांचा झाला. आधी तो नऊ तासांचा होता. आबे यांनी इथेही हिशेब ठेवला. तुकड्यावर काम करणाऱ्या कामगारांचं आधीच्या आणि नंतरच्या वर्षाचं काम ताडून पाहिलं, तर आठ तासांत नऊ तासांपेक्षा थोडं जास्तच काम झालं होतं. दमलेल्या शरीराला विश्रांतीने जे परत मिळतं ते दुसऱ्या दिवशी यंत्रावर दिसतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. काटकोनात केसभर चूक चालत नाही अशा कामात नवव्या तासाचा डोळा आणि हात काय करतो, हे गिरणीत डबा नेणाऱ्या मुलाने ओळखलं नसतं तरच नवल. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, पण पुरुष कामगारांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला १९११ उजाडलं.

प्रकृती ढासळल्यामुळे १९०३ मध्ये आबे यांनी कारभार सोडला. १४ जानेवारी १९०५ रोजी येनात ते वारले, पासष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. येनात त्यांच्या स्मारकाच्या दगडावर त्यांचं सूत्र कोरलेलं आहे.

त्या तरुणाचा चष्मा झाला. डोकेदुखी बरीच कमी आहे, पूर्ण गेलेली नाही. चष्मा लावल्यावर जुन्या साइटमधला ठिपकाही पुष्कळ गोल दिसतो, असं त्याने येऊन सांगितलं, म्हणून स्कोपचा विचार दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे. पाळी अजून बारा तासांचीच आहे.