सोलरच्या पाइपवरचा सेन्सर आणि विल्यम सीमेन्स

डिसेंबरची पहाट, साडेचारची वेळ. पप्पांना चाकणची फर्स्ट शिफ्ट, कंपनीची बस थोड्याच वेळात चौकात येणार. आणि नळाला पाणी कसलं, तर बर्फ! मोशीतल्या आमच्या सोसायटीत सलग चार दिवस हेच चाललं होतं. पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर पुढे काय झालं हे तुम्हाला सांगायला नकोच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वादळ आलं. आठवडाभरापूर्वी गच्चीवर व्हॉल्व्ह बदलून गेलेल्या प्लंबर काकांवर सगळं खापर फुटलं. कमिटीनं त्यांचं बिल अडवलं. मीही ग्रुपवर एक कडक मेसेज टाकला. गच्चीवर एकदाही न जाता.

रविवारी दुपारी आमच्या मजल्यावरचा एक दादा मल्टिमीटर घेऊन गच्चीवर निघाला. तो चाकणच्या एका प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे. मी मागोमाग गेले. त्यानं सोलरच्या पाइपवर क्लिपनं लावलेली बोटभर लांबीची एक पितळी नळी दाखवली. आमच्या गार पाण्याचं कारण तिथं होतं. ते काय होतं हे सांगतेच, पण त्याआधी तुम्हाला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. कारण त्या नळीच्या पोटातली युक्ती त्याची आहे.

त्याचं नाव कार्ल विल्हेल्म सीमेन्स. पुढे इंग्लंडनं त्याला विल्यम केलं. सीमेन्स हे आडनाव तुम्ही कारखान्यातल्या पॅनेलवर, मोटारींवर, कुठे ना कुठे वाचलं असेल. ती कंपनी उभी करणारा वेर्नर हा विल्यमचा थोरला भाऊ.

विल्यम जन्मला ४ एप्रिल १८२३ ला, जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लेन्थे गावी. वडील खंडानं शेती करायचे. घरात पोरांचं लेंढार. १८३९ मध्ये आई गेली, पुढच्याच वर्षी वडील. विल्यम तेव्हा १६ वर्षांचा. वेर्नर सैन्यात तोफखान्याचा अधिकारी होता. धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यानं अंगावर घेतली. विल्यमला मॅग्डेबर्गला स्वतःजवळ ठेवून घेतलं आणि भल्या पहाटे, ड्युटीवर जाण्याआधी, तो त्याला गणित शिकवायचा. फर्स्ट शिफ्टवाल्यांच्या घरातल्या पोरांना हे चित्र नवीन वाटणार नाही. पुढे विल्यमनं थोडे दिवस गोटिंगेनच्या विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि मग एका इंजिन कारखान्यात उमेदवारी केली. आजच्या भाषेत अप्रेंटिसशिप.

१८४३ मध्ये हा १९ वर्षांचा पोरगा लंडनला पोहोचला. हातात काय, तर वेर्नरनं शोधलेली विजेनं सोन्या-चांदीचा मुलामा चढवण्याची रीत. ती विकायची होती. ओळखीचं कुणी नाही, इंग्रजी कच्चं. कुणीतरी आपलं काम अंगावर घ्यावं म्हणून तो पाट्या वाचत फिरला. एका दुकानावर अंडरटेकर असं लिहिलेलं दिसलं. शब्दाची फोड करून त्यानं अर्थ लावला, काम अंगावर घेणारा. खुशीत आत शिरला, तर ते दुकान अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचं निघालं! पण गडी खचला नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या कारखानदाराला त्यानं ती रीत १६०० पौंडांना विकली.

वाटलं, लॉटरी लागली. पण पुढच्या वर्षी इंजिनाचा वेग आवरणारं नवं यंत्र घेऊन तो परत गेला आणि त्यात पैसे बुडाले. नंतरची काही वर्षं ओढाताणीतच गेली. त्याला पहिली टिकाऊ कमाई दिली ती पाण्याच्या मीटरनं. हो, पाइपमधून किती पाणी गेलं हे मोजणारं साधं मीटर. १८५० च्या दशकात ते चांगलं खपलं आणि घर सावरलं. १८५९ मध्ये त्यानं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि त्याच वर्षी अ‍ॅन गॉर्डनशी लग्न केलं.

आता येतो आपल्या सेन्सरचा जन्म. साल १८६०. समुद्रतळाशी टाकायची तारयंत्राची लांबलचक केबल जहाजाच्या पोटात गुंडाळून ठेवली होती. केबलच्या आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं वेष्टण आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. हा चीक उष्णतेनं मऊ पडतो. तो मऊ पडला की आतली तार सरकणार आणि केबल बाद. त्यात ओलं लोखंड गंजताना उष्णता सोडतं. म्हणजे केबलचं ते प्रचंड वेटोळं आतल्या आत तापण्याची भीती होती. पण मधोमध किती तापलंय हे बघणार कसं? काचेचा थर्मामीटर आत घुसवला तरी वाचायला कोण जाणार?

विल्यमला एक गोष्ट माहीत होती. धातूची तार तापली की तिच्यातून वीज जायला जास्त अडथळा होतो. तांब्याचा हा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे बाहेर बसून रोध मोजला की आतलं तापमान कळतं. त्यानं बारीक तारेची वेटोळी केबलच्या थरांमध्ये ठेवली आणि त्यांची टोकं बाहेर आणली. बाहेरची हवा थंड होती, पण तार सांगत होती की आत तापमान चढतंय. मग केबलवर पाणी ओतून ती थंड केली गेली.

बघा हं, इथं मुद्दा काय आहे. बाहेरची हवा काय म्हणते याला महत्त्व नव्हतं. महत्त्व होतं तार कशाला चिकटून बसलीय याला. हा मुद्दा धरून ठेवा, गच्चीवर पुन्हा लागणार आहे.

त्याच सुमारास विल्यम आणि धाकटा भाऊ फ्रेडरिक वेगळ्याच आगीशी खेळत होते. भट्टीच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता पकडायची आणि तिनंच आत येणारी हवा आणि गॅस तापवायचा, अशी भट्टी त्यांनी बनवली. इंधन वाचलं आणि भट्टी आधीपेक्षा कितीतरी जास्त तापू लागली. ओपन हार्थ भट्टीतलं पोलाद यातूनच आलं आणि जवळपास शंभर वर्षं जगभरातलं पोलाद मोठ्या प्रमाणावर तसंच बनत राहिलं. पण एवढी उष्णता मोजायची कशी? पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणून विल्यमनं तांब्याऐवजी प्लॅटिनमची तार घेतली. प्लॅटिनम वितळतं ते १७६८ अंशांना आणि सहज गंजत नाही. १८७१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यानं हा विजेचा तापमापक मांडला.

आणि इथंच त्याची फजिती झाली. ब्रिटिश असोसिएशननं नेमलेल्या समितीनं १८७४ मध्ये निष्कर्ष दिला की हा तापमापक एकदा खूप तापला की बदलतो. पुन्हा शून्यावर आणला तरी आधीचा आकडा देत नाही. मोजमापाच्या उपकरणाबद्दल याहून वाईट काय बोलणार? ज्याच्या आकड्यावर भरवसा नाही, तो तापमापक घेऊन करायचं काय?

विल्यमकडे कामांची कमी नव्हती. सीमेन्स बंधूंनी बांधलेली लंडन ते तेहरान तारेची लाइन १८७० मध्ये सुरू झाली होती. पुढे ती भारतापर्यंत जोडलेली होती, त्यामुळे लंडनचा निरोप कोलकात्याला पोहोचायला आता आठवडे लागत नव्हते. १८७४ मध्ये केबल टाकण्यासाठी खास बांधलेलं फॅरडे हे जहाज आलं. विजेच्या दिव्याखाली झाडं वाढवण्याचे प्रयोग त्यानं आपल्या घरी केले. १८८२ मध्ये तर त्यानं थेट सूर्यालाच हात घातला. सूर्य इतकी उष्णता उधळतो तरी विझत कसा नाही, याचं उत्तर देणारा सिद्धांत मांडला. तो चुकीचा ठरला, पण वाया जाणारी उष्णता परत वापरायची हे त्याचं जुनं वेड त्यातही दिसतं.

सूर्याच्या उष्णतेचं वेड तेव्हा आपल्याकडेही होतं बरं का. मुंबई हायकोर्टातले डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७० च्या दशकात कुलाब्यात आरशांनी ऊन एकवटून वाफेचा पंप चालवून दाखवला. उष्ण देशांत उन्हानं इंधनाची जागा घ्यावी, असं सांगणारं त्यांचं पुस्तक १८७८ मध्ये निघालं. ऊन इथलं आणि तार तिथली. दोघांची गाठ पडायला अजून बराच वेळ होता.

१८८३ मध्ये विल्यमला सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तो गेला, वयाच्या ६० व्या वर्षी. प्लॅटिनमच्या तापमापकावरचा डाग तसाच राहिला.

तो डाग पुसला एका पोरानं. ह्यू कॅलेंडर त्याचं नाव. ग्रीक-लॅटिन आणि गणित शिकून तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आला होता. वय २३-२४, म्हणजे माझ्यापेक्षा थोडंच जास्त. त्यानं तपासलं की चूक नेमकी कुणाची. १८८७ मध्ये त्यानं छापून दाखवलं की प्लॅटिनम निर्दोष आहे. सीमेन्सच्या तापमापकात तार मातीच्या नळकांड्यावर गुंडाळून लोखंडी नळीत घातलेली असायची. खूप तापल्यावर आजूबाजूचे पदार्थ तारेत शिरून तिला बिघडवत होते. तार शुद्ध ठेवली, अभ्रकावर ताण न देता गुंडाळली आणि नीट झाकली, की ती पुन्हा पुन्हा तोच आकडा देते. पुढे १९२७ मध्ये तापमानाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ठरली, तेव्हा तिच्या मोठ्या भागासाठी प्लॅटिनमचाच तापमापक धरला गेला. विल्यमला हे कधीच कळलं नाही.

आता चला परत मोशीला, गच्चीवर.

मोठ्या सोसायट्यांच्या सोलरमध्ये कलेक्टर आणि टाकी यांच्यामध्ये एक छोटा पंप असतो. तो कधी चालवायचा हे कंट्रोलर ठरवतो. त्याच्यासाठी एक सेन्सर कलेक्टरच्या तोंडाशी पाइपवर असतो, दुसरा टाकीला. कलेक्टर टाकीपेक्षा साधारण ८-१० अंशांनी जास्त तापला की पंप सुरू. फरक अगदी कमी झाला की बंद. पाइप कापायला नको, भोक पाडायला नको, म्हणून सेन्सर बाहेरूनच क्लिपनं बसवतात. आमच्याकडचा पीटी-१००० होता. पीटी म्हणजे प्लॅटिनम. शून्य अंशाला १००० ओहम आणि १०० अंशांना १३८५. चाकण-भोसरीत मेंटेनन्सला असलेल्या कुणालाही विचारा, याचा धाकटा भाऊ पीटी-१०० तो डोळे मिटून ओळखेल.

दादानं सेन्सरच्या वायरी कंट्रोलरमधून सोडवून मल्टिमीटर लावला. आकडा आला ११०५ ओहम, म्हणजे २७ अंश. पण पाइपला हात लावला तर चटका बसत होता! २७ अंश ही तर दुपारच्या हवेची उष्णता. क्लिप गंजून सैल झाली होती, सेन्सर पाइपपासून सुटून लोंबकळत होता. वरचा काळा फोम उन्हानं भुगा झालेला. दादानं कापडानं धरून सेन्सर पाइपवर दाबला. आकडा चढत चढत १२३२ वर गेला. म्हणजे ६० अंश. कलेक्टर रोज तापत होता, पण कंट्रोलरला ते कळतच नव्हतं. म्हणून पंप सुरू होत नव्हता आणि टाकी गारच राहत होती.

सेन्सर खोटं बोलत नव्हता. तो हवेबद्दल खरं सांगत होता, आपण ते पाण्याबद्दलचं समजत होतो. प्लंबर काकांनी बदललेला व्हॉल्व्ह तर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. पाइपवरचा गंज आणि रंग घासून काढला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, नव्या स्टीलच्या क्लिपनं सेन्सर घट्ट बसवला आणि वरून नवा फोम गुंडाळून त्याला ऊन लागणार नाही असा टेपनं बंद केला. तुम्हीही गच्चीवर जाल तेव्हा एवढंच बघा. सेन्सर धातूच्या पाइपवर आहे ना, कारण प्लॅस्टिकच्या पाइपमधून उष्णता नीट बाहेर येत नाही. तो कलेक्टरच्या तोंडाजवळ आहे ना. हलवला तर हलत नाही ना. आणि वरचं वेष्टण शाबूत आहे ना. फक्त गरम पाइपला आणि पंपाच्या वायरींना स्वतः हात लावू नका, माहितगार माणूस सोबत घ्या.

दुसऱ्या दिवशी पप्पा गरम पाण्यानं अंघोळ करून बसला गेले. कमिटीनं प्लंबर काकांचं बिल चुकतं केलं. ग्रुपवर मात्र कुणी त्यांची माफी मागितली नाही. ते त्या ग्रुपमध्ये नाहीतच. मी माझा मेसेज डिलीट करायला गेले, तर वेळ निघून गेली होती. मग त्यांना फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. चुकलं म्हणाले. ते हसले आणि गच्चीवरचा आणखी एक जॉइंट गळायला आलाय, तो बघायला कधी येऊ, असं विचारू लागले.

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला पहिल्याच दिवशी जागेवर जाऊन बघायला शिकवतात. मला ते कळलं गच्चीवर.