फडकरांच्या खांद्यावरील दुहेरी जू

दत्तू फडकर यांच्या नावावर ३१ कसोटी सामने, १२२९ धावा आणि ६२ बळी आहेत. फलंदाजीची सरासरी ३२, गोलंदाजीची जवळजवळ ३७. एवढ्यावरून त्यांना मध्यम प्रतीचे अष्टपैलू ठरविणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे.

१२ डिसेंबर १९२५ रोजी कोल्हापूर येथे जन्मलेल्या फडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला कसोटीत पदार्पण केले. ५१ धावा काढल्यावर भिजल्या खेळपट्टीवर त्यांनी १४ धावांत ३ बळी घेतले आणि ब्रॅडमनचा संघ १०७ धावांत गारद झाला. अ‍ॅडलेडला १२३ धावा झाल्या. मालिकेत ३१४ धावा, सरासरी ५२ हून अधिक. असा फलंदाज कोणत्याही संघाने जिवापाड जपला असता.

भारताला ती चैन परवडणारी नव्हती. निसार आणि अमरसिंग यांचा काळ सरला होता. त्याच दौऱ्यासाठी निवडलेला फझल महमूद फाळणीमुळे पाकिस्तानचा झाला. साहजिकच नवा चेंडू फडकरांच्या हाती आला, आणि मायदेशातील निर्जीव खेळपट्ट्यांवर तो हाती असणे म्हणजे बहुधा शिक्षाच होती. पिंपळगाव बसवंतचा संघ असो वा मुंबईचा, जो फलंदाजीत बरा त्यालाच गोलंदाजीलाही जुंपण्याची आपली रीत जुनी आहे! जानेवारी १९४९ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजच्या सलामीच्या जोडीनेच २३९ धावा केल्या. ५८२ धावांच्या त्या डोंगरात फडकरांनी १५९ धावा देऊन ७ गडी टिपले. भारत तरीही डावाने हरला. पुढच्याच मुंबईच्या सामन्यात विजय अवघ्या ६ धावांनी हुकला, तेव्हा ३७ धावांवर नाबाद राहिलेले फडकरच होते.

१९५२ मध्ये लीड्सला दुसऱ्या डावात शून्यावर ४ बळी गेले. ही नामुष्की सर्वांना तोंडपाठ आहे. ५ बाद २६ वरून हजारे आणि फडकर यांनी १०५ धावांची भागी रचली, त्यात फडकरांच्या ६४ होत्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. त्याचे श्रेय विनू मंकड यांच्या १२ बळींना मिळाले, ते रास्तच. पण त्या डावातील फडकरांच्या ६१ धावांची आठवण कोण ठेवतो?

पुढे धावा आटल्या. दिवसभर चेंडू टाकून थकलेल्या शरीराकडून शतकांची अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे होते. मुंबईनंतर ते बंगाल व रेल्वेकडून खेळले. कलकत्त्यास ३१ डिसेंबर १९५८ रोजी सुरू झालेला सामना त्यांची अखेरची कसोटी ठरला. १७ मार्च १९८५ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. नवा चेंडू हक्काने हाती घेणारा आणि फलंदाजीतही सामना फिरविणारा कपिलदेव भारताला लाभला तो १९७८ मध्ये, फडकरांच्या अखेरच्या कसोटीनंतर जवळजवळ २० वर्षांनी.