चिखलात रुतलेले पॅटन आणि जनरल वैद्य

मी सावरगावचा. जाम नदीच्या या काठाला आमचं गाव, पलीकडे पांढुर्णा. गोटमारीमुळे लोक आम्हाला ओळखतात. पण आमची खरी झुंज काळ्या मातीशी. भर पावसात वावरात ट्रॅक्टर रुतला, की जितका रेटा द्याल तितकं चाक खाली जातं. म्हणून जनरल अरुणकुमार वैद्यांच्या चरित्रात मला पदकांपेक्षा १९६५ चा चिखल जास्त जवळचा वाटतो.

वैद्य अलिबागचे. जन्म २७ जानेवारी १९२६. १९४५ साली ते सैन्यात अधिकारी झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले. त्याच महायुद्धात शर्मन रणगाड्यांना कॅनव्हासचे उंच पडदे लावून समुद्रात पोहायला लावलं होतं. नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यापाशी त्यांतले कितीतरी लाटांनी गिळले. ब्रिटिशांनी तर पाण्यात अडकलेली वाहनं ओढून काढायला तोफ उतरवलेले खास शर्मन ठेवले होते.

सप्टेंबर १९६५ मध्ये वैद्य डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे प्रमुख होते. हाताशी जुनेच शर्मन. समोर पाकिस्तानचे नवे, वजनदार पॅटन. खेमकरणजवळ असल उत्तर इथे आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेसारखी रचना केली. रणगाडे उसात दडवले आणि कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. पॅटन आत शिरले आणि रुतले. अशा वेळी पट्टे नुसते फिरत राहतात, पोट जमिनीला टेकतं, ओला चिखल त्याला धरून ठेवतो. मग पट्ट्यांखालचा गाळ उपसावा लागतो, लाकडं घालावी लागतात, तारेच्या दोराने दुसऱ्या रणगाड्याने ओढावं लागतं. पण समोरून तोफा चालू असताना हे करणार कोण? वैद्यांच्या लोकांनी शत्रूला जवळ येऊ दिलं आणि मग मारा केला. माघार घेणाऱ्यांना आपले रणगाडे बाहेर काढायला सवड मिळाली नाही. काही तर धडधाकट अवस्थेत आपल्या हाती आले. रुतलेला रणगाडा शेवटी मैदान राखणाऱ्याचा होतो, एवढं मला यातून कळलं. वैद्यांना महावीरचक्र मिळालं. त्या शेतकऱ्यांचा ऊस मात्र गेलाच.

१९७१ मध्ये शकरगड भागात, सुरुंगांनी भरलेल्या जमिनीतून, त्यांनी आपल्या ब्रिगेडचे रणगाडे पुढे नेले आणि दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळवलं. १९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. १९८४ ची सुवर्णमंदिरातली कारवाई त्यांच्याच काळातली. तिचा सूड म्हणून, निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात गाडीतून घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांचं वय साठ होतं.

मित्रांनो, अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन पाहायला मिळतो. गेलात तर तोफेकडे सावकाश बघा, आधी खालचे पट्टे बघा.