व्ही. शांताराम

शांताराम राजाराम वणकुद्रे, प्रचलित नाव व्ही. शांताराम (१८ नोव्हेंबर १९०१ – ३० ऑक्टोबर १९९०), हे मराठी व हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक, निर्माते, संकलक आणि अभिनेते होते. 'नेताजी पालकर' (१९२७) या मूकपटापासून 'झंझार' (१९८७) पर्यंत त्यांची दिग्दर्शकीय कारकीर्द साठ वर्षांची होती. सामाजिक आशय आणि नृत्यसंगीत यांसाठी त्यांचे चित्रपट ओळखले जातात. विवाहातील संमती, विजोड विवाह, हुंडा आणि पतिपत्नींमधील प्रेम हे त्यांच्या चित्रपटांत वारंवार आलेले विषय आहेत. हिंदी चित्रपटातील प्रेमकथा बहुधा लग्नापाशी संपत असे. शांताराम यांच्या काही महत्त्वाच्या चित्रपटांची कथा लग्नानंतर सुरू होते.

प्रारंभिक जीवन

शांताराम यांचा जन्म कोल्हापूर येथे झाला. लहान वयात ते काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे हुबळी येथे त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात आणि चित्रपटगृहात काम केले. १९२० साली ते बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे चित्रपटनिर्मितीची सर्व अंगे त्यांनी प्रत्यक्ष कामातून आत्मसात केली. 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटात त्यांनी कर्जापायी देशोधडीला लागलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली.

प्रभात फिल्म कंपनी

१९२९ साली विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह शांताराम यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा पहिला मराठी बोलपट त्यांनी दिग्दर्शित केला. त्याची हिंदी आवृत्तीही काढण्यात आली आणि एकच कथा दोन भाषांत चित्रित करण्याची पद्धत प्रभातमध्ये रूढ झाली. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. 'अमरज्योती' (१९३६) या चित्रपटात दुर्गा खोटे यांनी, पोटच्या मुलाचा ताबा कायद्याने नाकारला गेल्यामुळे समुद्री लुटारूंचे नेतृत्व पत्करणाऱ्या सौदामिनीची भूमिका केली.

'कुंकू' आणि 'माणूस'

ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून १९३७ साली 'कुंकू' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' तयार झाली. मामाच्या लोभामुळे नीरा या तरुणीचे लग्न फसवून काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशी लावले जाते. हिंदी आवृत्तीत नायिकेचे नाव निर्मला आहे. ती लग्नाचा विधी झाला म्हणून पतीला पती मानण्यास नकार देते आणि अखेरपर्यंत त्या नकारावर ठाम राहते. शांता आपटे यांनी नीरेची, तर केशवराव दाते यांनी काकासाहेबांची भूमिका केली. चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. घड्याळाची टिकटिक आणि घरातले नेहमीचे आवाज यांतून वातावरण उभे केले आहे.

जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी प्रेक्षकांना गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकामुळे परिचित होता. त्या नाटकात विवाह ऐन वेळी मोडतो आणि नायिकेची सुटका होते. 'कुंकू'मध्ये विवाह होऊन गेलेला आहे, त्यामुळे सुटकेचा प्रश्न अधिक बिकट होतो. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क १९४७ साली मिळाला. विधवाविवाहाला मात्र १८५६ पासून कायद्याची मान्यता होती. म्हणजे १९३७ साली नीरेला मोकळे होण्यासाठी पतीच्या मृत्यूखेरीज मार्ग नव्हता. आपला अन्याय उमगलेले काकासाहेब शेवटी आत्महत्या करतात आणि तिने पुन्हा विवाह करावा अशी इच्छा मागे ठेवतात. चित्रपटाचा हा शेवट तत्कालीन कायद्याच्या चौकटीशी असा जोडलेला आहे.

'माणूस' (१९३९, हिंदी 'आदमी') मध्ये गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्या यांची कथा आहे. शाहू मोडक व शांता हुबळीकर यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. समाजाने लावलेला कलंक मैनेच्या मनातही रुजलेला असल्यामुळे त्यांचा संसार उभा राहू शकत नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने काढलेल्या 'देवदास' (१९३५) मध्ये विफल प्रेमाचा शेवट आत्मनाशात होतो. गणपत मात्र दुःख पचवून कर्तव्याकडे वळतो. त्यामुळे 'माणूस' हे 'देवदास'ला दिलेले उत्तर मानले जाते.

राजकमल कलामंदिर

१९४२ साली प्रभातमधून बाहेर पडून शांताराम यांनी मुंबईत परळ येथे राजकमल कलामंदिर ही संस्था काढली. संस्थेचे नाव वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून ठेवले होते. पहिला चित्रपट 'शकुंतला' (१९४३) मुंबईत १०४ आठवडे चालला. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) हा सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावर आधारलेला आहे. चीनमध्ये वैद्यकीय सेवा करताना कोटणीस यांनी चिनी सहकारिणीशी विवाह केला आणि १९४२ साली तेथेच त्यांचा मृत्यू झाला. चित्रपटाच्या अखेरीस त्यांची पत्नी मुलाला घेऊन पतीच्या घरी येते. 'दहेज' (१९५०) मध्ये हुंड्यापायी उद्ध्वस्त होणारा संसार दाखवला आहे.

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजीच्या प्रसंगी शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. डोळ्यांवर पट्टी असतानाच्या काळात मनासमोर आलेल्या रंगांतून 'नवरंग' (१९५९) सुचल्याचे त्यांनी त्या चित्रपटाच्या प्रारंभी सांगितले आहे. 'नवरंग'मधील कवी दिवाकर आपल्या पत्नीच्याच रूपात मोहिनी ही काल्पनिक प्रेयसी पाहतो. घरकामात गुंतलेल्या जमुनेला ती परकी स्त्री वाटते आणि त्यातून संसारात दुरावा निर्माण होतो. दोन्ही भूमिका संध्या यांनी केल्या. नायक, पत्नी आणि प्रेयसी या परिचित त्रिकोणात येथे पत्नी व प्रेयसी एकच आहेत.

कौटुंबिक जीवन

शांताराम यांचा पहिला विवाह १९२१ साली विमलाबाई यांच्याशी झाला. १९४१ साली, हा विवाह कायम असताना, त्यांनी 'शेजारी' चित्रपटातील अभिनेत्री जयश्री यांच्याशी विवाह केला. हिंदू पुरुषाला त्या काळी एकाहून अधिक विवाह करण्याची कायद्याने मुभा होती. मुंबई प्रांतात त्यावर १९४६ साली बंदी आली. जयश्री यांच्यापासून विभक्त झाल्यावर १९५६ साली त्यांनी अभिनेत्री संध्या यांच्याशी विवाह केला. पतीला विसर पडलेल्या शकुंतलेची कथा त्यांनी दोनदा पडद्यावर आणली: 'शकुंतला'त जयश्री, तर 'स्त्री' (१९६१) मध्ये संध्या नायिका होत्या. 'स्त्री'मध्ये दुष्यंताची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. विवाहात स्त्रीच्या इच्छेला स्थान हवे, हे पडद्यावर मांडणाऱ्या दिग्दर्शकाच्या कौटुंबिक जीवनाची ही बाजू त्यांच्या चरित्रात दुर्लक्षिता येत नाही.

अखेरचा काळ व सन्मान

'झनक झनक पायल बाजे' (१९५५) आणि 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दुसऱ्या चित्रपटाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल पुरस्कारही लाभला. 'पिंजरा' (१९७२) हा त्यांचा मराठी चित्रपट विशेष लोकप्रिय ठरला. त्यांचे आत्मचरित्र 'शांतारामा' या नावाने प्रसिद्ध आहे. १९८५ सालासाठी त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. मुंबईत त्यांचे निधन झाले. १९९२ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण किताब जाहीर झाला.