नोकरी गेली, सुगरण भेटली: सलीम अली यांचे किहीमचे दिवस

अलिबागजवळचं किहीम आज सुट्टीच्या गर्दीसाठी ओळखलं जातं. १९३० साली तिथे एक बेकार माणूस बायकोला घेऊन राहायला आला. वय तेहतीस, विद्यापीठाची पदवी नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये साडेतीनशे रुपये पगारावर गाईड लेक्चरर होता. रजा काढून पक्षीशास्त्र शिकायला बर्लिनला गेला, परत येऊन बघतो तर निधी नाही म्हणून ती जागाच रद्द झालेली. हेच सलीम अली.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा घराण्यात. तीन वर्षांचे होईपर्यंत अब्बा-अम्मी दोघंही गेले. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या यतीम भाच्याला खेतवाडीच्या घरात वाढवलं. एकदा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाणं हलाल आहे का, हा सवाल घेऊन पोरगा मामूंकडे गेला. ही चिमणी कोणती ते मामूंनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. मुलाचा सवाल झटकून टाकला असता तर? शिक्षक म्हणून मला तो क्षण फार मोलाचा वाटतो.

पुढे घरच्या धंद्यासाठी ते ब्रह्मदेशात तवोयला गेले, पण खाणीपेक्षा तिथल्या जंगलातच जास्त रमले.

किहीमला पावसाळ्यात त्यांना सुगरणीची वसाहत सापडली. आपण मराठीत 'सुगरण' म्हणतो, त्यामुळे खोपा मादीच विणते असं मुलांना वाटतं. विणतो तो नर! गवताच्या, भाताच्या पातीच्या चिरफाळ्या काढून तो अर्धा खोपा विणतो. मग माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडला तर ती राहते, आणि नर उरलेला भाग, खालची नळी, पुरी करतो. अंडी घातली गेली की हा बहाद्दर शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. तासन् तास जवळून टिपणं घेत सलीम अलींनी हा सगळा क्रम मांडला आणि अभ्यासकांत त्यांचं नाव झालं. (वर्गात हे सांगितलं की मुली हमखास हसतात.)

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पक्षी अजब आहे. पिकलेल्या भातावर थवे उतरतात तेव्हा तो नुकसान करतो. पण पावसाळ्यात त्याच शेतातले नाकतोडे, अळ्या पिल्लांना भरवतो. कोणत्या महिन्यात पाहता, त्यावर उत्तर बदलतं.

कोकणातच त्यांनी आंब्यावरच्या बांडगुळाचाही अभ्यास केला. १९३१ साली तो छापून आला. शिंजीर बांडगुळाच्या फुलांचं परागीभवन करतात. फुलटोचे फळं खातात आणि चिकट बी विष्ठेतून दुसऱ्या फांदीवर टाकतात. म्हणजे आंबेवाल्याची डोकेदुखी पसरवणारे हे दोन गोड पक्षीच.

मग निजामाच्या हैदराबाद संस्थानची पक्षीगणना. आजचा मराठवाडा त्याच संस्थानात होता. खर्च द्या, पगार नको, या अटीवर ते निघाले. तहमीना बेगम मुक्कामावर सोबत असत. १९३९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला, तो घाव सलीम अलींनी आयुष्यभर सोसला. मेलेल्या पक्ष्याची कातडी मोजण्यापेक्षा जिवंत पक्षी कुठे राहतो, काय खातो, यातच त्यांचा जीव होता. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली.

त्यांचा प्रत्येक अंदाज बरोबर आला असं नाही. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत गुरं चारायला बंदी हवी, या बाजूने ते होते. १९८२ मध्ये बंदी आली, गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. त्यांच्याच सोसायटीने तिथे वर्षानुवर्षं अभ्यास केला तेव्हा उलटंच दिसलं: म्हशी गेल्या, गवत माजलं, पाणी गुदमरलं, पाणपक्षी घटले. अभ्यासाचा अखेरचा अहवाल आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. २० जून १९८७ रोजी ते गेले होते.