एका हातानं साथ

व्हायोलिनवर कन्चेर्टो वाजवायचा तर मागे अख्खा ऑर्केस्ट्रा लागतो. पण रोजच्या रियाजाला किंवा परीक्षेला एवढे वादक आणायचे कुठून? म्हणून पाश्चात्त्य संगीतात सगळ्या ऑर्केस्ट्राचं काम पियानोवर उतरवून घेतात, दहा बोटांत. आपल्याकडे गवयाला आधार देणारी पेटी तर एकाच हातानं वाजते, कारण दुसरा हात भात्यावर. या पेटीला ज्यांनी मान मिळवून दिला, त्यांत गोविंदराव टेंबे यांचं नाव फार वरचं.

जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटी त्यांनी बरीचशी स्वतःच शिकून घेतली. मग भास्करबुवा बखल्यांचा सहवास मिळाला. त्यांना टेंबे गुरू मानत आणि त्यांच्या गाण्याला साथ करत.

ही साथ सोपी नाही, बरं का! गवई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. पेटीच्या पट्ट्या मात्र सुट्या-सुट्या. दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिच्यात नाहीच. मग वादकानं काय करायचं? भाता सांभाळून आवाज कमी-जास्त करायचा, गवयाच्या किंचित मागे राहायचं, त्यानं श्वास घेतला की तेवढी जागा भरायची आणि तो सुरू झाला की पुन्हा मागे सरकायचं. समोरचा पुढे काय गाणार याचा अंदाज नसेल तर सगळंच फसतं.

गवयांच्या मागे बसून तयार झालेला हा कान नाटकात कामी आला. १९११ मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगमंचावर आलं. त्याच्या चाली टेंब्यांच्या. ठुमरी-कजरीचा पूरबी बाज त्यांनी मराठी पदांत आणला आणि ती पदं घरोघरी पोचली. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ती सोडून पुढे स्वतःची शिवराज नाटक मंडळी. सिनेमाही सुटला नाही. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत त्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच! एवढं सगळं एका माणसानं केलं, पण माझ्या मते त्यांची खरी ओळख पेटीच.

आणि नेमकी तीच अडचणीत आली. मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, असं म्हणत ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण टेंब्यांसारख्यांनी त्या उणिवेतूनही वाट काढली होती, ते कोणी मोजलं नाही. आपलं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं तेव्हाही ही बंदी होतीच. टेंबे १९५५ मध्ये गेले. बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये, तीसुद्धा अटी घालून.