शिक्षणव्रती जे. पी. नाईक

दहा वर्षे शालेय शिक्षण, त्यापुढे दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि नंतर तीन वर्षे पदवीचा अभ्यास, हा क्रम आपल्या देशातील कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा झाला. ज्या आयोगाने तो सुचविला, त्याचे सदस्य-सचिव एक महाराष्ट्रीय शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांचे नाव जयंत पांडुरंग नाईक.

त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे असे होते. गणितात त्यांची बुद्धी तीक्ष्ण होती. पुढे ते अध्यापक झाले. परंतु १९३० साली सविनय कायदेभंगाची हाक येताच त्यांनी नोकरीवर पाणी सोडले व कारावास पत्करला. तुरुंगात त्यांनी आजारी बंद्यांची शुश्रूषा केली. सुटका झाल्यावर ते धारवाडजवळील उप्पिन बेटगेरी या गावी जाऊन राहिले आणि आरोग्य, साक्षरता व ग्रामसुधारणा यांच्या कार्यात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. खेड्यातील मूल शाळेपासून दूर का राहते, हे त्यांना तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

१९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९५९ पासून ते दिल्लीस केंद्र सरकारचे शिक्षण सल्लागार म्हणून काम करू लागले. त्या कामाबद्दल ते दरमहा केवळ एक रुपया मानधन घेत.

१९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमण्यात आला. देश स्वतंत्र झाला होता. पण त्याची शिक्षणपद्धती कशी असावी, हा प्रश्न सुटला नव्हता. आयोगात भारतीय विद्वानांच्या बरोबरीने इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, सोव्हिएत रशिया व जपान या देशांतील तज्ज्ञही होते. युनेस्को या जागतिक संस्थेचेही साहाय्य लाभले. जगभरातील अनुभव असा एका मेजाभोवती गोळा झाला. त्यातील काय घ्यावे व काय सोडावे, हे ठरविणे सोपे नव्हते. आयोगाने देशभर फिरून सुमारे ९,००० लोकांची मते जाणून घेतली. या साऱ्या विचारमंथनातून अहवाल सिद्ध करण्याची मोठी जबाबदारी नाईकांनी अहोरात्र श्रमून पार पाडली. जून १९६६ मध्ये अहवाल सादर झाला.

परदेशातील चांगले ते घ्यावे, परंतु ते आपल्या मातीत रुजवावे, ही दृष्टी त्या अहवालात दिसते. शिक्षणाला श्रमाची जोड देणारा कार्यानुभव त्यात होता. त्याचे नाते गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणाशी होते. श्रीमंत व गरीब यांची मुले आपल्या वस्तीतील एकाच शाळेत शिकावीत, अशीही शिफारस त्यात होती. अशी पद्धत अमेरिका, फ्रान्स इत्यादी देशांत निरनिराळ्या रूपांत रूढ होती. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असेही आयोगाने सुचविले. या अहवालाच्या आधारे १९६८ साली पहिले राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर झाले.

परंतु धोरण कागदावर उतरणे वेगळे आणि ते गावोगावच्या शाळेत पोहोचणे वेगळे. वर्षांचा क्रम बदलला. मात्र सर्वांसाठी समान शाळा उभी राहिली नाही. या अपयशाने नाईकांना अतिशय दुःख झाले. तरीही आपल्याच कामातील उणिवा त्यांनी झाकून ठेवल्या नाहीत. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ग्रंथ लिहून त्यांचा निर्भीडपणे हिशेब मांडला.

१९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रे प्रसिद्ध केली. त्यांत बहिरेवाडीच्या या सुपुत्रालाही स्थान मिळाले.

बहिरेवाडी असो की बारामतीजवळची जळोची, तेथील प्रत्येक मुलाला उत्तम शाळा मिळावी, यासाठी नाईक आयुष्यभर झिजले. जगाचे ज्ञान गावच्या शाळेपर्यंत नेण्याचे त्यांचे कार्य अजून पुरे व्हावयाचे आहे. ते पुढे नेणे, हीच त्यांना खरी आदरांजली होय.